केमिकल लूपिंग: इंधनाआधी वाहक ओळखा

लोणेऱ्याला किंवा रत्नागिरीत शिकताना केमिकल लूपिंगवर प्रोजेक्ट घेतलात, तर कोळशाला हात लावण्याआधी पहिला महिना वाहकाला, म्हणजे इंधनापर्यंत ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या पदार्थाला, द्या. या ज्वलनात इंधन आणि हवा एकत्र येतच नाहीत. लोहाचं ऑक्साइड फ्युएल रिअॅक्टरमध्ये ऑक्सिजन देतं आणि एअर रिअॅक्टरमध्ये तो परत घेतं. त्यामुळे धुरात नायट्रोजन मिसळत नाही. वाफ थंड करून काढली की कार्बन डायऑक्साइड वेगळा हाती लागतो.

एक हिशेब तोंडपाठ हवा. हेमॅटाइट, मॅग्नेटाइट, वुस्टाइट ही लोहाची ऑक्साइडं, क्रमानं कमी कमी ऑक्सिजनची. हेमॅटाइट फक्त मॅग्नेटाइटपर्यंत उतरवायचं, तर 1 किलो कार्बनमागे 80 किलो हेमॅटाइट फिरवावं लागतं. लोभानं आणखी खाली, वुस्टाइटपर्यंत नेलंत की कण एकमेकांना चिकटतात आणि वायूच्या झोतानं उकळल्यासारखा हलणारा कणांचा थर थांबतो. थरावरचा दाबफरक अचानक पडला, तर आधी हेच तपासा.

इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियमचं खनिजही वाहक म्हणून चालतं. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत ते आहे, म्हणून किनाऱ्यावरून पोतं भरून आणू नका. ते अणुखनिजांच्या नियमांत येतं. शिवाय वाळूला लागलेलं मीठ 801 अंशांना वितळतं आणि आपली भट्टी 900च्या वर चालते. पृथक्करणाच्या दाखल्यासह विकत घ्या. 125 ते 180 मायक्रॉनमध्ये चाळा, गोड्या पाण्यात धुवा, 105 अंशांवर वाळवा, मग 950 अंशांवर हवेत 24 तास भाजा. भाजल्यावर वजन वाढलं म्हणून काट्यावर शंका घेऊ नका. शुद्ध इल्मेनाइट ऑक्सिजन घेऊन साधारण 5 टक्के जड होतं. नवा वाहक सुस्त असतो. आवर्तनं होत जातात तसं कणावर लोहाचं सच्छिद्र कवच चढतं. आकडे स्थिरावले की मगच वहीत धरा. दर आवर्तनात इंधन आणि हवा यांच्या मध्ये नायट्रोजन सोडायला विसरू नका, नाहीतर स्फोटाचा धोका आहे.

कोळशाचा कोक, म्हणजे वायू निघून गेल्यावर उरलेला घन भाग, सावकाश संपतो, कारण आधी वाफेनं त्याचा वायू व्हावा लागतो. अर्धवट राहिलेला एअर रिअॅक्टरमध्ये गेला, की तिथे जळून कार्बन डायऑक्साइड हवेत निसटतो. म्हणून मध्ये कार्बन स्ट्रिपर, म्हणजे वाहकातून कोक वेगळा करणारं पात्र, लागतो. काजूच्या टरफलांचं नेमकं उलट. वरून टाकलीत तर त्यांच्या तेलाची वाफ वाहकाला न शिवताच बाहेर पडते, म्हणून ती थराच्या तळाशी सोडा. शहरी कचऱ्यात पीव्हीसी असेल तर क्लोरीन नळ्या खातं. पीव्हीसी हातानं निवडून काढा. आणि आपल्याकडच्या पावसात कचऱ्याच्या कांड्या रात्रीत ओल धरतात, तेव्हा ओलावा रोज सकाळी नव्यानं मोजा.