आयपॅड अपडेट करण्याआधीचा बॅकअप

आयपॅडवर नवं अपडेट चढवलं की परतीची वाट फार काळ उघडी राहत नाही. ॲपल थोड्याच दिवसांत जुन्या आवृत्तीला मान्यता देणं थांबवतं. शिवाय नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुनीवर चढत नाही. म्हणून बॅकअप आधी घ्यायचा, नंतर नाही.

सोपा मार्ग आयक्लाउडचा, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणीचा. सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपल्या नावावर टॅप करा, मग आयक्लाउड, आयक्लाउड बॅकअप आणि 'बॅक अप नाऊ'. तिथेच शेवटच्या बॅकअपची वेळ दिसते, ती आजची आहे ना ते बघा. फुकट जागा 5 जीबीच असते आणि ती भरली की बॅकअप अडतो. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर फोटो या बॅकअपमध्ये येतच नाहीत, ते नुसते सिंक होतात. एका ठिकाणी उडवलेला फोटो सगळीकडून उडतो आणि 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये साधारण 30 दिवसच सापडतो. सिंकलाच बॅकअप समजणारे इथेच फसतात.

मोठ्या अपडेटआधी आम्ही कॉम्प्युटरवरचाच बॅकअप सुचवू. मॅकवर फाइंडर, विंडोजवर 'ॲपल डिव्हायसेस' हे ॲप उघडा. केबल जोडा, आयपॅडवर 'ट्रस्ट' दाबून पासकोड द्या. सगळा डेटा या कॉम्प्युटरवर ठेवण्याचा पर्याय निवडून 'एन्क्रिप्ट लोकल बॅकअप'वर टिक करा, म्हणजे बॅकअपला पासवर्डचं कुलूप लागतं. ही टिक नसेल तर सेव्ह केलेले पासवर्ड आणि वायफायची सेटिंग्ज बॅकअपमध्ये येत नाहीत. एन्क्रिप्शनचा पासवर्ड मात्र वहीत लिहून ठेवा. तो विसरलात तर तो बॅकअप कुणालाच उघडता येणार नाही, ॲपललाही नाही. मॅकवर 'मॅनेज बॅकअप्स'मध्ये त्या बॅकअपवर राइट क्लिक करून 'आर्काइव्ह' करा, नाहीतर पुढचा बॅकअप त्यावरच लिहिला जाईल.

आता अपडेट. चार्जर लावा, वायफाय चालू ठेवा, सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट. जागा कमी पडत असेल तर ॲप उडवत बसू नका, केबल जोडून कॉम्प्युटरवरून अपडेट करा. मग फाइल कॉम्प्युटरवर उतरते आणि आयपॅडवर कमी जागा लागते.

स्क्रीन सफरचंदावरच अडकली तर घाई नको, प्रगतीची पट्टी सावकाश सरकते. तासाभरात ती हललीच नाही तर रिकव्हरी मोड, म्हणजे कॉम्प्युटरवरून आयपॅड सावरण्याची अवस्था. आयपॅड केबलने कॉम्प्युटरला जोडलेला हवा. होम बटण नसेल तर वरच्या बटणाजवळचं व्हॉल्यूम बटण दाबून सोडा, मग दुसरं व्हॉल्यूम बटण दाबून सोडा, आणि वरचं बटण केबल व कॉम्प्युटरचं चित्र येईपर्यंत दाबून धरा. होम बटण असेल तर ते आणि वरचं बटण एकत्र धरा.

कॉम्प्युटर विचारेल तेव्हा 'अपडेट' निवडा. 'रिस्टोअर' सगळं पुसतं. डाउनलोडला 15 मिनिटांहून जास्त लागली तर आयपॅड रिकव्हरी मोडमधून आपणहून बाहेर पडतो. अशा वेळी डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि बटणांचा तोच क्रम पुन्हा करा.