एकाच क्लायंटवर संशोधन करताय? या चुका टाळा

समुपदेशनाच्या एमए प्रबंधांत एक आलेख मला वर्षानुवर्षे भेटतो. डावीकडे बेसलाइनचे, म्हणजे उपाय सुरू करण्याआधीच्या नोंदींचे, तीन ठिपके, मध्ये उभी रेघ, उजवीकडे उतरत गेलेले आठ ठिपके आणि खाली निष्कर्ष: समुपदेशन परिणामकारक ठरले. विद्यार्थ्याने मनापासून काम केलेलं असतं, क्लायंटलाही खरोखर बरं वाटत असतं. पण बरं वाटलं ते समुपदेशनामुळेच, हे त्या आलेखातून सिद्ध होत नाही. व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) टेबलावर हे कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

सगळ्यात मोठी चूक बेसलाइनची घाई. माणूस समुपदेशकाकडे येतो तो बहुधा त्याच्या सर्वांत वाईट दिवसांत. त्यानंतर थोडी सुधारणा आपोआपही होते. एका क्लायंटने रोज किती वेळा दाराचं कुलूप तपासलं, याच्या या काल्पनिक नोंदी पाहा. बेसलाइन: 12, 10, 9, 7, 6. समुपदेशन सुरू झाल्यावर: 5, 4, 4, 3, 2. सरासरी 8.8 वरून 3.6 वर आली. बेसलाइनच्या सर्वांत कमी आकड्याखाली नंतरचे किती ठिपके आले हे मोजायची पद्धत वापरली, तर उत्तर 100 टक्के. विद्यार्थी खूश. पण पट्टी घेऊन रेघ ओढा: उतार आधीपासूनच चालू होता आणि नंतर तो वाढला नाही, उलट थोडा मंदावला. म्हणून सरासरी काढण्याआधी उतार बघा. बेसलाइन हव्या त्या दिशेने सरकत असेल, तर ती स्थिरावेपर्यंत थांबा. अमेरिकेतल्या व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाऊसच्या (शिक्षणातलं संशोधन पारखणाऱ्या सरकारी उपक्रमाच्या) 2010 च्या निकषांत प्रत्येक टप्प्यात किमान 5 नोंदी मागितल्या होत्या. 3 असतील तर अभ्यास 'मर्यादांसह' मान्य. अशा नोंदींवर सरळ टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी) लावणंही चूकच, कारण आजचा आकडा कालच्या आकड्याला चिकटलेला असतो आणि ती चाचणी सगळ्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून चालते.

दुसरी चूक मोजमापाच्या साधनाची. पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. ती रोज भरून घेतली, तर प्रत्येक ठिपक्यात तेच तेरा दिवस पुन्हा येतात. रोजच्या आलेखासाठी रोज बदलणारी गोष्ट घ्या: किती वेळा तपासलं, किती मिनिटं झोप लागली नाही, 0 ते 10 मध्ये आजची भीती किती. वर्तन दुसऱ्याने पाहून नोंदवायचं असेल, तर प्रत्येक टप्प्यातल्या निदान 20 टक्के नोंदी दोघांनी वेगवेगळ्या घ्याव्यात, आणि त्यांत 80 टक्के तरी मेळ हवा.

मग प्रश्न येतो, बदल आपल्याच उपायाने झाला हे दाखवायचं कसं? 1968 मध्ये 'जर्नल ऑफ ॲप्लाइड बिहेविअर ॲनॅलिसिस'च्या पहिल्याच अंकात हॉल, लंड आणि जॅक्सन यांनी तिसरीतल्या एका मुलाचा अभ्यास छापला. लेखात त्याचं नाव रॉबी. वर्गात तो फक्त 25 टक्के वेळ अभ्यासात असायचा. अभ्यास करताना बाईंनी लक्ष द्यायला सुरुवात केली आणि हे प्रमाण सरासरी 71 टक्क्यांवर गेलं. मग ते लक्ष मुद्दाम काढून घेतलं, तेव्हा ते 50 वर उतरलं. पुन्हा दिलं तेव्हा परत 70 ते 80 च्या घरात आलं. मला यातला 50 हा आकडा फार मोलाचा वाटतो. उपाय काढल्यावर वर्तन 25 वर परतलं नाही, म्हणजे काहीतरी टिकलं होतं. अशा वेळी विद्यार्थी घाबरतात, हा उपाय काढून घेतलेला टप्पा लांबवतात किंवा प्रबंधातून गाळून टाकतात. गाळू नका. जसा आला तसा छापा आणि त्यावर चर्चा करा.

पण शिकलेलं कौशल्य किंवा बदललेला विचार परत काढून घेता येत नाही. तिथे मल्टिपल बेसलाइन वापरा: तोच उपाय तीन प्रसंगांत, वेगवेगळ्या तारखांना सुरू करायचा आणि प्रत्येक ठिकाणी बदल त्या-त्या तारखेनंतरच दिसतो का ते बघायचं. सामाजिक भीतीचा क्लायंट असेल, तर आधी फोनवर बोलणं, मग वर्गात प्रश्न विचारणं, मग मेसमध्ये अनोळखी मुलांशेजारी बसणं. इथला हमखास अडथळा असा, की फोनची भीती गेली की वर्गातली भीतीही आपोआप कमी होते आणि दुसरी बेसलाइन मोडते. क्लायंटसाठी ते चांगलंच आहे, अभ्यासाला मात्र जड जातं. म्हणून प्रसंग निवडताना एकमेकांवर कमीत कमी अवलंबून असलेले निवडा, नाहीतर सारखी तक्रार असलेले तीन क्लायंट घ्या.

आणि क्लायंट आत्महत्येच्या विचारांबद्दल बोलला, तर बेसलाइन नाही. त्याच दिवशी मदत सुरू करा आणि मार्गदर्शकाला कळवा. मग प्रबंधात त्याला प्रयोग म्हणू नका, केस स्टडी म्हणा. परीक्षकांनी आराखड्याबद्दल विचारलं, तर थांबणं का शक्य नव्हतं ते सरळ सांगा.