घरच्यांचा जुना कॉम्प्युटर दुरुस्त करताय? या चुका टाळा

‘कॉम्प्युटर फार हँग होतोय, आलास की जरा बघ रे,’ असा गावाहून फोन आला की आपलं औषध आधीच ठरलेलं असतं: फॉरमॅट मारायचा, नवं विंडोज टाकायचं, जमलं तर रॅम वाढवायची. सुट्टीतल्या एका संध्याकाळी हे सगळं उरकतं. मशीन पळायला लागतं. मग परतीच्या एसटीत असताना पुन्हा फोन येतो, ‘अरे, माझी ती वर्गणीची फाइल कुठे गेली?’

घरातल्या मोठ्या माणसांना फाइलचं नाव किंवा फोल्डर बहुधा सांगता येत नाही. त्यांना आयकॉनची जागा आठवते. त्यामुळे ‘काय काय वाचवायचंय?’ या प्रश्नाला ‘काही विशेष नाही’ हेच उत्तर मिळतं, आणि त्यावर विसंबून कामाला लागणं महागात पडतं. आधी माहिती बाहेर काढायची, मग बिघाड शोधायचा आणि खर्चाचं बोलणं त्यानंतर. हा क्रम उलटला की पुढच्या बहुतेक चुका आपोआप घडतात.

उदाहरणाला कुडाळच्या माझ्या मामांचं मशीन घेतो, कारण अशी मशीन घरोघरी आहेत. असेंबल केलेला डेस्कटॉप, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, वर विंडोज १०. त्यावर देवस्थान कमिटीचा हिशेब, अहवाल, पत्रव्यवहार आणि नातवंडांचे फोटो.

‘स्लो’ म्हणजे काय, हे न विचारणं

‘हँग होतो’ या दोन शब्दांत निदान पाच वेगवेगळे आजार मावतात. म्हणून शेजारी बसून विचारायचं: ‘मामा, तुम्ही काय करता तेव्हा अडकतो ते दाखवा.’ चालू व्हायलाच दहा मिनिटं लागतात, की चालू झाल्यावर एखादं ठरावीक फोल्डर उघडताना थिजतो? अर्ध्या तासाने आपोआप बंद पडत असेल तर आधी प्रोसेसरचा पंखा, हीटसिंकमधली (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांमधली) धूळ आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बघा. रोज तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. या सेलपायी लोक ‘इंटरनेट बिघडलं’ म्हणून हैराण होतात. साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र तारखेवरून तपासलं जातं, त्यामुळे घड्याळ काही वर्षं मागे गेलं की ब्राउझर बँकेची साइट उघडूच देत नाही.

बटण दाबल्यावर नुसते बीप येतात आणि स्क्रीन काळी राहते, हे कोकणात पावसाळ्यात सर्रास होतं. दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, रॅम बाहेर काढून त्या पट्ट्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कचरा झटका आणि रॅम दोन्ही बाजूंनी ‘टक’ होईपर्यंत बसवा. ‘मदरबोर्ड उडाला’ असं ठरवून टाकलेली मशीन एवढ्याने सुरू होतात.

मरायला टेकलेल्या डिस्कवरच उपचार सुरू करणं

मशीन मधेच थिजतं, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर दिसते आणि कधीकधी खट्-खट् आवाज येतो, तेव्हा संशय हार्ड डिस्कवर घ्यायचा. तिचा एखादा सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचा छोटा कप्पा, वाचता येईनासा झाला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून बघते, विंडोज तोवर ताटकळतं आणि बघणाऱ्याला मशीन हँग झाल्यासारखं वाटतं.

अशा वेळी सगळ्यात वाईट काय करता येईल, तर नेमकं तेच केलं जातं: डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणं), अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन किंवा चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम. चेकडिस्कचा बॅड सेक्टर शोधणारा पर्याय डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचतो. तासन् तास. जी डिस्क शेवटचे श्वास घेते आहे तिला हा व्यायाम झेपत नाही. शिवाय चेकडिस्क फाइलींची रचना स्वतःच्या समजुतीने दुरुस्त करतं, त्यात अर्धवट फाइलींचे तुकडे होतात आणि पुढे रिकव्हरी करणाऱ्यालाही काम अवघड जातं.

त्याऐवजी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम उघडा. त्यात तीन ओळी बघायच्या: रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स काउंट, करंट पेंडिंग सेक्टर काउंट आणि अनकरेक्टेबल सेक्टर काउंट. नव्या, धडधाकट डिस्कवर हे तिन्ही आकडे शून्य असतात. इथले आकडे मूळ सेटिंगमध्ये सोळाच्या पद्धतीत दिसतात, म्हणजे शेवटी १० दिसलं तर ते दहा नसून सोळा. पेंडिंग सेक्टरच्या ओळीत शून्याहून मोठं काहीही असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडून कॉपीला लागायचं. मात्र हे तिन्ही शून्य आणि सीआरसी एरर काउंट (माहिती ये-जा करताना झालेल्या चुका) तेवढा वाढतोय, असं दिसलं तर डिस्क टाकून देऊ नका, आधी साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर, बदलून बघा.

कॉपी करतानाही अख्खा सी ड्राइव्ह उचलून एक्स्टर्नल डिस्कवर ओढू नका. डिस्क कधी मान टाकेल याचा नेम नसतो, म्हणून छोट्या आणि पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टी आधी घ्यायच्या: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, हिशेबाचा डेटा, त्यानंतर फोटो. सिनेमे आणि गाणी सगळ्यात शेवटी. एखादं फोल्डर अडकलं तर ते सोडून पुढे जा. विंडोजमधून काहीच सरकत नसेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) चालवून डीडीरेस्क्यू हा कॉपी करणारा प्रोग्राम वापरता येतो. ते आधी सहज वाचता येणारा भाग कॉपी करून घेतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं. मूळ डिस्क आणि जिच्यावर कॉपी होणार ती यांची अदलाबदल मात्र होता कामा नये, ती झाली की मूळ माहिती पुसली जाते.

खट्-खट् आवाज सतत येत असेल आणि आतली माहिती खरंच मोलाची असेल, तर वीज बंद करा आणि डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा ऐकीव उपाय करू नका. किनारपट्टीच्या हवेत ती बाहेर काढताक्षणी तिच्यावर पाणी धरतं.

आणि ‘बॅकअप आहे ना, डी ड्राइव्हला कॉपी केलंय’ हे वाक्य ऐकलं की जपून. सी आणि डी हे बहुतेक घरांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात.

फोल्डरांत न दिसणाऱ्या गोष्टीही असतात: ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड, आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल, टॅलीचं डेटा फोल्डर. टॅलीचं लायसन्स त्या मशीनवर चालू केलेलं असतं, तेव्हा फॉरमॅट मारण्याआधी ते सरेंडर करून (त्या मशीनवरून सोडवून) घ्या. डिजिटल सिग्नेचरचा टोकन वापरला जात असेल तर त्याचा ड्रायव्हर नव्याने लागणार, हेही लिहून ठेवा.

मराठी फाइली घेतल्या, फॉन्ट राहिले

ही चूक आपल्याकडेच होते आणि इंग्रजीतल्या कुठल्याही मार्गदर्शिकेत तिचा उल्लेख सापडणार नाही. म्हणून इथे जरा थांबतो.

युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी वाचता येईल अशी अक्षरं साठवायची पद्धत, रुळायच्या आधी मराठीत टाइप करणाऱ्या पिढीने पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, श्रीलिपी किंवा कृतिदेव वापरलं. अनेक जण आजही वापरतात, कारण बोटांना तीच सवय आहे. या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. म्हणजे फाइलच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांना मराठीचं रूप देतो तो फॉन्ट. नव्या विंडोजवर तो फॉन्ट नसला की वीस वर्षांचे अहवाल निरर्थक अक्षरांची रांग होऊन समोर येतात. समोरचं माणूस घाबरतं, ‘व्हायरस लागला’ म्हणतं. फाइल शाबूत असते. पण घाईत कुणी ती ‘करप्ट’ समजून काढून टाकली, तर ती खरोखरच गेली.

म्हणून फॉरमॅट मारण्याआधी विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स हे फोल्डर अख्खंच्या अख्खं कॉपी करा. फायलींची नावं सांकेतिक असतात, निवडत बसलात तर हवा तोच राहून जातो. टायपिंगचं सॉफ्टवेअर कुठलं, त्याची सीडी किंवा सेटअप कुठे आहे, हे विचारा. कॅबिनेटच्या मागे एखादा डोंगल लावलेला असेल तर तो ‘जुना पेन ड्राइव्ह’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकू नका, कदाचित त्याच्यावाचून ते सॉफ्टवेअर उघडणारच नाही.

‘आता युनिकोड वापरा’ हा आपला आग्रह बरोबरच आहे, पण तो दुरुस्तीच्या दिवशी लादू नये. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठी ठरवलेली कळांची मांडणी) आणि फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा) असे दोन्ही कीबोर्ड मिळतात. आयएसएमवर इनस्क्रिप्टने टाइप करणाऱ्याला तिथे फारसं नवं काही शिकावं लागत नाही. टाइपरायटरच्या पद्धतीने लिहिणाऱ्याची मात्र बोटंच अडतात. त्याला जुनं सॉफ्टवेअर चालू करून द्या आणि महत्त्वाच्या फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून वेगळ्या ठेवा. कन्व्हर्टर जोडाक्षरं, रफार आणि आकडे चुकवतात, म्हणून मूळ फाइल पुसायची नाही.

जुळतो का ते न बघता भाग विकत घेणं

मामांच्या मशीनसारख्या मशीनला एकाच खर्चाने नवं बळ येतं: हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरी घ्यायलाच सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, शिवाय माहिती वाचणारं डोकं जागेवर न्यायचा वेळ वेगळा. एसएसडीत असं फिरणारं काही नसतं, तिथे हे काम मिलिसेकंदाच्या लहानशा भागात होतं. विंडोज सतत हजारो बारीक फाइली वाचत असतं, त्यामुळे जुन्या, कमी वेगाच्या साटा पोर्टवरही फरक लगेच जाणवतो. नुसती रॅम वाढवून हे होत नाही.

एम-टू एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी, जास्त वेगाची एसएसडी) दिसायला आकर्षक असते, पण एवढ्या जुन्या बोर्डावर तिची खाच नसते, आणि अ‍ॅडॉप्टर लावला तरी जुना बायॉस (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) तिच्यावरून बूट होत नाही. काही लॅपटॉपमध्ये एम-टूची खाच असते पण ती फक्त साटा स्वीकारते. मॉडेल नंबर घेऊन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर पाहा.

रॅमचं तसंच. डेस्कटॉपची डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते. चौथ्या पिढीच्या बहुतेक इंटेल लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. बाजारात फारच स्वस्त डीडीआर३ रॅम दिसली तर ती फक्त एएमडीच्या बोर्डावर चालणारी नाही ना, हे विचारा. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम त्याला वापरता येत नाही, तिथले पैसे वाया.

विंडोज ११ कसंही करून बसवणं

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल किंवा रायझन २००० पासूनचा एएमडी प्रोसेसर लागतो. त्या पिढीतलं मशीन असूनही ‘चालणार नाही’ असं दिसलं, तर बायॉसमध्ये इंटेल पीटीटी किंवा एएमडी एफटीपीएम (टीपीएमचीच त्या-त्या कंपनीची नावं) बंद असण्याची शक्यता मोठी. तेवढं चालू केलं की काम होतं.

त्याहून जुन्या मशीनवर अटी चुकवून विंडोज ११ बसवता येतं, पण घरच्यांच्या मशीनवर ते करू नये असं माझं ठाम मत आहे. पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती हाताने बसवायला आपण तिथे नसतो. कोअर टू ड्युओसारख्या फारच जुन्या प्रोसेसरवर तर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही. घरगुती मशीनसाठी विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. फक्त ब्राउझर आणि ईमेल लागत असेल तर लिनक्स मिंट उत्तम चालतं. टॅली आणि जुने फॉन्ट सुटत नसतील तर आठव्या पिढीचा रिफर्बिश्ड ऑफिस डेस्कटॉप घ्या, एसएसडी त्याला लावता येते.

लॅपटॉप नवा असेल तर उघडण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, तपासा. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या अनेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. बायॉस बदलला किंवा बोर्ड बदलला की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की ज्या खात्यात आहे ते खातं घरातल्याच कुणाचं आहे ना, याची खात्री करा. खरेदीच्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या ईमेलवर मशीन सुरू करून दिलेलं असतं.

झिणझिण्यांकडे दुर्लक्ष

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंग तुटलेलं असू शकतं. एसएमपीएसमधले फिल्टर कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात, अर्थिंग नसलं की बॉडीवर वीजदाबाच्या जवळपास निम्मा दाब दिसतो. प्रवाह अगदी कमी असतो, तरी ते तसंच सोडू नका. थ्री-पिनला टू-पिन कन्व्हर्टर लावलेला असेल तर काढा आणि वायरमनला बोलवा.

चालू करून देऊन निघून येणं

मशीन तयार झाल्यावर खुर्चीत आपण बसू नये. फॉरमॅटच्या आधी डेस्कटॉपचा फोटो काढलेला असेल तर आयकॉन होते त्याच जागी ठेवता येतात. मग मामांना बसवायचं आणि त्यांची रोजची कामं त्यांच्याच हाताने करून घ्यायची: पावती छापणं, जुना अहवाल उघडणं, एक मराठी ओळ टाइप करणं, मेलला फाइल जोडणं. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर नेमका इथे दगा देतो, आणि तो आपण तिथे असतानाच दिलेला बरा.

जुनी डिस्क निदान सहा महिने, वर तारीख लिहून, घरातच ठेवा. काहीतरी राहिलेलं असतंच. त्यानंतर ती भंगारवाल्याला तशीच देऊ नका. क्विक फॉरमॅटने माहिती पुसली जात नाही, डिस्क चालत असेल तर सगळ्या सेक्टरांवर नवं लिहिणारं वाइप करा आणि मग अधिकृत ई-कचरा केंद्रावर द्या. चालतच नसेल तर ड्रिलने तबकड्यांना भोकं पाडा. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात, तेव्हा डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा हवा आणि पोरांना खोलीबाहेर पाठवा.