एल्फांचं लग्न लावताय? मग या चुका टाळा

मराठीत एल्फ, म्हणजे परदेशी कल्पनाकथांतले म्हातारपणानं न मरणारे लोक, लिहिणारी नवी पोरं वाढली, हे चांगलंच झालं. पण कथा वाचायला घेतली की तिसऱ्या पानावर साक्षगंध, पाचव्यावर मांडव. टोकदार कान तेवढे एल्फांचे, बाकी सगळं दिग्रस-दारव्ह्याकडचं लग्न.

सगळ्यात जास्त घोळ बापाचा होतो. पोरगी माणसावर भाळते आणि एल्फ राजा गरजतो, “त्याच्याशी लग्न केलंस तर राज्यातला वाटा विसर!” अरे भाऊ, वाटा मिळणार कधी होता? बाप म्हातारा होऊन मरतच नाही. आपल्याकडे बापाचा धाक सातबाऱ्यावर उभा असतो. आज ना उद्या फेरफार होईल, आपलं नाव चढेल, म्हणून पोरं ऐकून घेतात. अमर बापाच्या घरी वारसाची नोंद व्हायची कधी? धमकी तिथंच फुसकी ठरते, आणि लेखक पुढची वीस पानं पोरीला रडवत बसतो, कारण दुसरं काही घडवायला उरलेलं नसतं.

इंग्रज लेखक जे. आर. आर. टोल्किनच्या कथांतले एल्फ बाप अट घालतात. राजा थिंगोल आपल्या लेकीवर, लुथिएनवर भाळलेल्या बेरेन या माणसाकडे महाशत्रू मॉर्गोथच्या मुकुटातलं सिल्मरिल नावाचं रत्न मागतो. तो लुथिएनला झाडावरच्या घरात कोंडतोही, पण ती केस वाढवते, त्यांचा झोप आणणारा झगा विणते आणि निसटते. कोंडणं फसलं, अट मात्र शेवटपर्यंत कथा ओढत नेते; पुढं त्याच रत्नापायी थिंगोलचा जीव जातो. एलरॉन्डचं आरागॉर्न या माणसाला म्हणणं, गोंडोर आणि आर्नोर या दोन्ही राज्यांचा राजा झाल्याशिवाय माझी लेक आर्वेन मिळणार नाही. अट पुरी झाली की लेक माणसाशी लग्न करून मर्त्य होणार, बापाला कायमची दुरावणार. म्हणून बापाच्या तोंडची आरडाओरड कापा आणि पुरी झाल्यावर त्यालाच महागात पडेल अशी मागणी ठेवा.

दुसरी खोड घाईची. पेरणीआधी लग्न उरकायची निकड आपली, त्यांची नाही. टोल्किनच्या १९९३ साली छापलेल्या लेखनात एल्फांचं शरीर पन्नाशीच्या सुमारास वाढीला येतं, काहींना शंभर वर्षं लागतात. वाङ्निश्चयाला चांदीच्या अंगठ्या. मग किमान वर्षभर थांबायचं. मोडलं तर अंगठ्या उघडपणे परत करून वितळवायच्या. आरागॉर्न-आर्वेन यांनी एकमेकांना वचन दिलं टोल्किनच्या कालगणनेतल्या तिसऱ्या युगाच्या २९८० साली, लग्न ३०१९ साली. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक पात्राचं जन्मसाल लिहून ठेवा. कंटाळा येतो? मग एल्फ लिहू नका.

कन्यादान, अंतरपाट, मामा काहीच नको. नवरीची आई आणि नवऱ्याचा बाप मिळून दोघांचे हात एकमेकांत देतात. सोन्याची अंगठी उजव्या हाताच्या तर्जनीत. नोल्डोर नावाच्या एल्फ कुळात नवरीची आई जावयाला आणि नवऱ्याचा बाप सुनेला साखळीतलं रत्न देतो; हुंडा घुसवू नका. अडचणीच्या काळात जोडप्यानं समारंभाविनाही लग्न केलं तर ते पक्कंच, त्यामुळे “विधी अर्धा राहिला म्हणून लग्न मोडलं” हे वळण बाद.

दुसरं लग्न सहज लावू नका. एल्फ राजा फिन्वेच्या दुसऱ्या लग्नासाठी वालारांना, म्हणजे टोल्किनच्या जगातल्या देवासारख्या शक्तींना, वेगळा कायदा करावा लागला होता.

आणि मामाची पोरगी! आपल्याकडे कित्येक घरांत ती हक्काची, म्हणून लेखकही बिनधास्त सोयरीक जुळवतात. टोल्किनच्या मेग्लिन या एल्फाची आई अरेधेल ही गोंडोलिन या लपलेल्या एल्फ नगरीच्या राजाची, तुर्गोनची बहीण, म्हणजे तुर्गोनची लेक इद्रिल त्याची मामेबहीणच. पण एल्फांत इतक्या जवळच्या नात्यात लग्न होत नाही, आणि तिलाही तो नको होता. ती हाव मनात कुजत राहिली आणि शेवटी त्यानं गोंडोलिनची वाट शत्रूला दाखवली.