प्रोग्राम मरते एका ओळीवर, चूक असते दुसऱ्याच ओळीवर

आमच्या गावात कापसाच्या काट्यावरच्या पावत्या ठेवाले मी सीमधे एक लहानसा प्रोग्राम लिहिला. शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, भाव, बस. अकोला टाकून पाहिलं, वर्धा टाकून पाहिलं, मस्त चाले. मंग हंगाम सुरू झाला, गाड्यांची लाईन लागली, अन् एका भाऊनं गाव सांगितलं चांदूर रेल्वे, तसा प्रोग्राम बंद. स्क्रीनवर काय, तर "मॅलॉक, करप्टेड टॉप साईझ". मॅलॉक म्हणजे सीमधे मेमरीत जागा मागाचं फंक्शन. दोन रात्री मी त्या मॅलॉकच्या ओळीकडेच पाहत बसलो, अन् त्या ओळीत काहीच चूक नव्हती.

चूक होती तिच्या आधी. गावाच्या नावाले मी १६ बाईट घेतले होते, डोक्यात इंग्रजी अक्षरं होती ना. पण यूटीएफ-८ मधे, म्हणजे संगणक अक्षरं साठवते त्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाईट खाते, अन् काना, मात्रा, अनुस्वार, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात. अकोला म्हणजे ५ चिन्हं, १५ बाईट अन् नाव इथं संपलं हे सांगणाऱ्या शेवटच्या शून्याचा १, बरोबर १६, बसलं. यवतमाळ १८ अन् १, म्हणजे १९. हे बसाले नाही पाहिजे, तरी चाललं, काहून की ६४ बिट लिनक्सवर ग्लिबसीले, म्हणजे सीच्या लायब्ररीले, १६ मागितले तरी वापराले २४ मिळतात. चांदूर रेल्वे झालं ३८, त्यानं पुढच्या जागेचा हिशेबच पुसला, अन् पुढचं मॅलॉक त्या पुसलेल्या हिशेबावर जाऊन आपटलं. म्हणून सीमधे प्रोग्राम जिथं मरते तिथं चूक शोधू नका, चुकीच्या ओळीवरच तो मेला पाहिजे अशी सोय करा.

सोय सोपी आहे. जीसीसीले, म्हणजे सीच्या कंपायलरले, मायनस जी द्या अन् सोबत मायनस एफसॅनिटाइझ इक्वल अॅड्रेस द्या, कंपाईल करा, मंग नेहमीसारखं चालवा. माझ्या प्रोग्रामनं लगेच सांगितलं, हीप बफर ओव्हरफ्लो, म्हणजे घेतलेल्या जागेच्या बाहेर लिहिलं, राईट ऑफ साईझ ३८, अन् खाली नाव कॉपी करणाऱ्या स्टरकॉपीची नेमकी ओळ. यवतमाळवाली गुपचूप चूकही त्यानं धरली. रिपोर्ट लांबलचक येते, पण घाबराचं नाही, वरचा प्रकार वाचा, मंग खाली आपल्या फाईलचं नाव जिथं पहिल्यांदा दिसते ती ओळ पाहा, अन् ती जागा कुठं घेतली होती तेही तो खाली लिहिते. फ्री करून परत दिलेली जागा पुन्हा वापरली तर यूज आफ्टर फ्री म्हणून येते, त्यात फ्री कुठं केलं तेही असते.

या सॅनिटायझरले एक गोष्ट दिसत नाही, किंमत न टाकलेला व्हेरिएबल. वजनाची बेरीज शून्यापासून सुरू कराले विसरले, मंग कधी बरोबर येते कधी भलतीच येते. त्याच्यासाठी वालग्रिंड हे टूल, मायनस मायनस ट्रॅक ओरिजिन्स इक्वल येस लावून, म्हणजे ती कचरा किंमत कुठून आली ते समजते. वालग्रिंड प्रोग्रामले १० ते ३० पट हळू करते, म्हणून जुन्या लॅपटॉपवर सगळ्या हंगामाच्या पावत्या नका देऊ, १०-२० द्या. अन् दोन्ही एकत्र चालवू नका, सॅनिटायझरवाली फाईल वालग्रिंडखाली चालत नाही.

दुरुस्ती करताना जागा नेहमी स्टरलेन (नावाचे बाईट मोजते ते) अधिक १ अशी मोजून घ्या. एसएनप्रिंटएफनं कापून टाकलं तर जागा वाचते खरी, पण देवनागरी अक्षर मधातच कापल्या जाते अन् पावतीवर गावाच्या नावाच्या शेवटी चौकोन उमटते, शेतकऱ्याच्या हातात असा कागद द्याले मले नाही आवडत. रिअॅलॉकचं, म्हणजे जागा वाढवून मागाच्या फंक्शनचं, उत्तर आधी वेगळ्या पॉईंटरमधे (पत्ता ठेवाच्या व्हेरिएबलमधे) घ्या, त्याच पॉईंटरमधे घेतलं अन् जागा नाही मिळाली तर जुना पत्ताही गेला. एखादं नाव किती बाईटचं आहे ते पाहाचं असलं तर प्रिंटएफनं छापून डब्ल्यूसी मायनस सीले द्या.

आता शेलचं, म्हणजे लिनक्सवर कमांड चालवणाऱ्या बॅशचं. माझी रातची स्क्रिप्ट हाच प्रोग्राम चालवे अन् आउटपुट पाईपनं टी कमांडले देऊन लॉगमधे ठेवे. प्रोग्राम मरे, पण पाईपमधे बॅश शेवटच्या कमांडचं उत्तर धरते, टी तर बरोबरच संपे, म्हणून स्क्रिप्टले वाटे सगळं ठीक आहे, अन् ते अर्धवट पावत्यांचं बॅकअप घेऊन मोकळी. वरच्याच ओळीत सेट मायनस ई यू ओ पाईपफेल लिहा. ई म्हणजे चुकलं की थांब, यू म्हणजे नसलेलं नाव वापरलं की थांब, पाईपफेल म्हणजे पाईपमधे कोणीही मेलं की सांग. पण इफच्या अटीत जी कमांड आहे तिथं ई काम करत नाही, तिथं स्वतः तपासा. थांबल्यावर आकडा पाहा: १३९ असला तर सेगफॉल्ट (मेमरीत नको तिथं हात घातला), १३४ असला तर अॅबॉर्ट (प्रोग्राम स्वतःच थांबला), १३७ असला तर कोणीतरी किल मायनस ९ केलं, बहुतेक रॅम संपली म्हणून कर्नलनंच.

व्हेरिएबल नेहमी डबल कोटमधे ठेवा. पेनड्राईव्हवर लोक फाईलले "पावती १२ नोव्हेंबर" असं नाव देतात, कोट नसले तर शेल तिचे तीन तुकडे करते. सीडीनंतर (फोल्डर बदलल्यावर) आरएम (पुसाची कमांड) असलं तर सीडी फसल्यावर बाहेर निघाची ओळ पाहिजेच. २०१५ मधे लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या अॅपच्या स्क्रिप्टमधे फोल्डरचं नाव रिकामं निघालं अन् आरएम मायनस आरएफ रूटपासून, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या मुळापासून, सुरू झालं, लोकांच्या फाईली गेल्या. म्हणून पुसताना महिरपी कंसात नावानंतर कोलन अन् प्रश्नचिन्ह लावा, नाव रिकामं असलं तर बॅश तिथंच थांबते. अन् शेलचेक हे टूल टाकून घ्या, फुकट आहे, अशा बहुतेक चुका स्क्रिप्ट चालवाच्या आधीच दाखवते. विंडोजच्या नोटपॅडमधे लिहिलेली स्क्रिप्ट "बॅड इंटरप्रिटर" म्हणाली तर डॉस टू युनिक्स चालवा, ओळीच्या शेवटी जास्तीचं चिन्ह आलेलं असते.

आपल्याकडे रात्री लाईन जाते हे धरूनच लिहा. मूळ फाईलवर थेट लिहू नका, त्याच फोल्डरमधे एमकेटेम्पनं वेगळी फाईल करा, पूर्ण लिहून झाली की सिंक करून डिस्कवर पक्की करा अन् मंग एमव्हीनं मूळ नाव द्या. एकाच फोल्डरमधे असलं तर हा बदल एका झटक्यात होते, जुनी तरी राहते नाहीतर नवी तरी, अर्धी राहत नाही. ट्रॅपनं, म्हणजे स्क्रिप्ट थांबताना आपोआप चालते त्या सोयीनं, टेम्प फाईल पुसाची ओळ टाका, पण बॅटरी मेलेल्या लॅपटॉपची लाईन गेली तर ट्रॅप चालत नाही. सकाळी टेम्प फाईल पडलेली दिसली तर समजाचं की रातचं काम मधात तुटलं, ते पुसा अन् स्क्रिप्ट पुन्हा चालवा.