कालिकामातेच्या यात्रेत हाताने केलेली भेटकार्डे विकण्याची तयारी

नवरात्रात नाशिकच्या कालिकामातेच्या यात्रेत दिवाळीची भेटकार्डे विकायला बसणाऱ्या शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींनी रंग आणि कात्री हाती घेण्यापूर्वी पंचांग उघडावे. दसरा आश्विन शुद्ध दशमीला आणि लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला, म्हणजे मध्ये साधारण २० दिवस असतात. यात्रेत घेतलेले कार्ड सावकाश लिहून टपालाने परगावी पाठवायला एवढा अवधी पुरतो. भेटकार्ड पाठवण्यासाठी घेतले जाते, ही गोष्ट आरंभीच धरून चालले की आकार, वजन, कागद आणि मजकूर यांविषयीचे बहुतेक प्रश्न सुटतात.

आकार टपालाच्या हिशेबाने ठरवावा. पत्राचा दर वजनाच्या २० ग्रॅमच्या टप्प्यांनी वाढत जातो. ३०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या) ए-फोर कार्डशीटचे वजन १९ ग्रॅमच्या आसपास भरते. तो पूर्ण कागद एकदा दुमडून मोठे कार्ड केले तर पाकिटासह ते पहिला टप्पा ओलांडते. तोच कागद मधोमध कापून दोन कार्डे केली, तर दुमडल्यावर प्रत्येक कार्ड १०.५ बाय १४.८ सेंटिमीटरचे होते, वजन साडेनऊ ग्रॅमच्या आत राहते आणि पाकीट, थोडा रंग, एखादा चिकटवलेला तुकडा यांना पुरेशी जागा उरते. मणी, आरसे, जाड लेस यांचा मोह आवरावा, कारण टपालाच्या शिक्क्याखाली ते टिकत नाहीत आणि पाकीट फाटते. कागद घेतानाच पाकिटेही घ्यावीत आणि एक कार्ड दुकानातच पाकिटात घालून पाहावे.

घडी स्वच्छ बसणे ही हाताने केलेल्या कार्डाची पहिली परीक्षा आहे. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा; ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या दिशेने तंतू असतात आणि त्यांना समांतर घातलेली घडी तडकत नाही. पट्टी लावून शाई संपलेल्या रिफीलने आधी रेघ दाबून घ्यावी आणि मगच दुमडावे. चिकटवलेली कार्डे रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवावीत, कारण परतीच्या पावसाच्या दमट हवेत ओला गोंद कागदाला बाक आणतो.

चित्रे आपल्या परिसरातली असावीत, असे मला मनापासून वाटते. गोदाघाटाच्या पायऱ्या, नारोशंकराची घंटा, पुराचे माप ज्याच्यावरून सांगतात तो दुतोंड्या मारुती ही चित्रे पुण्या-मुंबईला गेलेल्या नाशिककराला घरची आठवण देतात आणि छापील कार्डांत ती सहसा मिळत नाहीत. वारली शैली वापरायची असेल, तर ती वारली समाजाची कला असून तिला भौगोलिक मानांकन आहे हे लक्षात ठेवावे. आपण त्या समाजातले नसू, तर कार्डाच्या मागे ‘वारली शैलीवरून प्रेरित’ असे सरळ लिहावे.

मजकुराच्या बाबतीत नाशिकमध्ये एक मोह हमखास होतो, तो कुसुमाग्रजांच्या ओळी लिहिण्याचा. त्यांचे निधन १९९९ मध्ये झाले आणि आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरची ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे २०५९ संपेपर्यंत त्यांच्या कविता विक्रीच्या वस्तूवर परवानगीवाचून छापता येत नाहीत. तुकोबांच्या अभंगांना किंवा ज्ञानेश्वरांच्या ओव्यांना असे बंधन नाही. तरीही आतले पान कोरे ठेवणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण तिथे लिहायचे ते घेणाऱ्याने. याच कारणासाठी स्टॉलवर दोन चांगली पेने आणि लिहायला एक पक्की पाटी ठेवावी. तिथेच लिहून घेणारी माणसे निघतात.

कार्डे गुंडाळण्यासाठी प्लास्टिक वापरू नये. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या बंदीत निमंत्रणपत्रिकांभोवतीची प्लास्टिकची फिल्म स्पष्टपणे येते. भेटकार्डांचे नाव तिथे नसले तरी वाद कशाला ओढवून घ्यावा, बटर पेपरची पाकिटे तेच काम करतात. पावसासाठी मात्र ताडपत्री आणि झाकणाचा डबा हवाच.

जागेचा विषय शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. रस्त्यावर बसण्यासाठी महापालिकेची परवानगी लागते आणि बंदोबस्त पोलिसांचा असतो, म्हणून पालकांना सोबत घेऊन विभागीय कार्यालयात आधी चौकशी करावी आणि पैसे भरले तर पावती घ्यावी. कोणी परस्पर जागा देऊ केली तर ती घेऊ नये. स्वतंत्र जागा जमली नाही तर ओळखीच्या परवानाधारक दुकानदाराच्या मांडणीतला एक कोपरा विचारून घेणे हाही चांगला मार्ग आहे. गर्दीच्या वेळी तिथली वाहतूक वळवली जाते, त्यामुळे एकाच फेरीत हाताने नेता येईल एवढेच सामान ठेवावे.

किंमत ठरवताना कागद, पाकीट, रंग, जागेचे भाडे आणि वाया गेलेली कार्डे हे सगळे धरावे आणि आपल्या वेळेचेही मोल लावावे. ते शून्य धरण्याची सवय लहान वयात लागली की पुढे सुटत नाही. किमती ३०, ५० अशा सुटसुटीत ठेवाव्यात आणि दहा-वीसच्या नोटा आदल्या दिवशीच जमवाव्यात. क्यूआर कोड मोठ्या माणसाच्या खात्याचा असावा, आणि तो फोन स्टॉलवरच असावा, कारण गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनवर विसंबून चालत नाही. पैसे खात्यात आल्याचा संदेश आपण पाहायचा. गर्दीत नेटवर्क रेंगाळते, तेव्हा रोख रकमेची सोय असलेली बरी.

मांडणी उभी करावी, कारण चालत्या गर्दीला आडवी पसरलेली कार्डे दिसत नाहीत. दोरी आणि लाकडी चिमटे पुरतात. संध्याकाळसाठी चार्जिंगचा पांढरा दिवा घ्यावा, पिवळ्या उजेडात निळा रंग मरतो. तिघे असतील तर एकाने गल्ला, दुसऱ्याने बोलणे आणि तिसऱ्याने मांडणी सांभाळावी. पैशाची पिशवी कमरेलाच असावी. हात लावून पाहण्यासाठी प्रत्येक नमुन्याचे एकच कार्ड बाहेर ठेवावे. रात्री घरी आल्यावर कोणता नमुना किती गेला याची वहीत नोंद करावी आणि दुसऱ्या दिवशीसाठी त्याच नमुन्याचे कागद कापून ठेवावेत. दसऱ्यानंतर उरलेली कार्डे घेऊन ओळखीच्या स्टेशनरीच्या दुकानांत जावे. दिवाळीला अजून अवकाश असतो.