टिटवीला माउली म्हणू नका

टिटवीवरचा माझा पहिला लेख एका दिवाळी अंकाकडून साभार परत आला. कडेला पेन्सिलीनं एक ओळ होती : ‘टिटवी कमी, तुम्हीच जास्त.’ रागच आला. चार दिवसांनी पुन्हा वाचला, तर ‘माउली’ हा शब्द 11 वेळा! त्यात टिटवीचे नर-मादी दिसायला सारखे आणि अंडी दोघंही उबवतात. म्हणजे माझी माउली बाप असायचीही शक्यता होती.

म्हणून प्राण्यापक्ष्यांवर लिहायचं असेल तर आधी नुसतं बसा. जागा एकच, वेळ एकच. आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर खडी पडलेली होती, तिच्यात 4 अंडी. घरटं कसलं, नुसता खळगा. अंडीही खडीच्याच रंगाची, मान वळवली की परत सापडायची नाहीत. गॅलरीतून बघत मी वहीत लिहायचे : ‘दुपारी 1.10. उठली. नळाखालच्या डबक्यात पोट भिजवलं. येऊन अंड्यांवर बसली.’ इथं ‘काळजीनं’ लिहायचा मोह होतो, तो आवरा. ओल्या पिसांनी अंडी गार राहतात, एवढं सांगितलं की पुरतं.

लोक काय म्हणतात तेही टिपा, पण त्यांच्याच तोंडी ठेवा. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, “टिटवी पाय वर करून निजती, आभाळ पडलं तर झेलायला.” लेखातलं सगळ्यात वाचलं गेलेलं वाक्य हेच. शब्दांसाठी मारुती चितमपल्ली वाचा. वनखात्यातल्या नोकरीत त्यांनी रानातल्या माणसांकडून शब्द गोळा केले. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ म्हणतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

आता छापून आणायचं. दिवाळी अंकाला ऑक्टोबरात पाठवून उपयोग नाही, जून-जुलैतच पाठवा. सोबतचं पत्र चार ओळींचं. एकच लेख एका वेळी दोघांना देऊ नका, मी दिला होता आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली. फोटो स्वतःचा, आणि घरट्याचा पत्ता छापू द्यायचा नाही. मानधनात दुर्बीण येईल या भ्रमात राहू नका. माझ्या पहिल्या मानधनात दुर्बिणीचा पट्टा आला.

1,400 शब्दांचे 800 केले, माउली काढली, आणि पुढच्या वर्षी त्याच अंकानं लेख घेतला. नंतर एका रविवार पुरवणीत वर्षभर सदरही मिळालं.

छापण्याआधी संपादकांचा फोन आला. “3 पिल्लं निघाली म्हणता, चौथ्या अंड्याचं काय झालं?” मी वही काढली. त्या दिवसाचं पान कोरं होतं, मी भाचीच्या लग्नाला गेले होते. लेखात तसंच छापून आलं.